पुरात बेट होणाऱ्या गावांनी कचऱ्याची सोय बेटासारखी करावी का? आणि पैसा कुणी द्यायचा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
२०१९ आणि २०२१ च्या पुरात कर्नाटकातल्या चिकोडी, निपाणी, कागवाड तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांचे रस्ते तुटले. कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला की त्या वाटेनं जाणंयेणं बंद. तेव्हा कचरागाडी येत नाही, भंगारवाला येत नाही, उकिरडा मात्र पाण्याबरोबर दारात येतो. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या गाद्या, कुजकं धान्य, बाटल्या, सगळं पुन्हा नदीकाठीच टाकायचं.

माझं म्हणणं असं, की बाराही महिन्यांची आखणी 'गाडी येणारच नाही' असं धरून करावी. पॅसिफिकमधल्या किरिबाटी देशानं ते केलंय. २००४ च्या कायद्यानं तिथं डबा आणि प्लास्टिक बाटलीवर ५ सेंट ठेव घेतात. रिकामी परत केली की ४ सेंट मिळतात, उरलेल्या एका सेंटवर गोळा करणाऱ्याचा खर्च निघतो. गाड्यांच्या बॅटऱ्यांवरही ठेव आहे. गोळा झालेला माल जहाजानं बाहेर विकला जातो.

आपण चार-पाच पंचायतींनी मिळून उंचावरच्या माळावर सुक्या कचऱ्याचं शेड बांधावं आणि ते जूनआधी रिकामं करावं. ओलं ज्याचं त्यानं परड्यात जिरवावं. पैसा घरामागे पट्टी आणि बाटल्या-बॅटऱ्यांवर ठेव, असा उभा करावा.

दूधगंगा:
किरिबाटीत माल बंदरावर उतरतो, ठेव तिथंच कापता येते. आपल्याकडं बंदर कुठाय? निम्मा बाजार इचलकरंजी-कागलचा. बाटली महाराष्ट्रात घेतली, प्यायली कर्नाटकात, मग चार पैसे परत कोण देणार? गावातल्या दुकानदारानं ठेव लावली तर गिऱ्हाईक सरळ नदी ओलांडून जाईल. ही योजना पहिल्याच बाजाराला मोडेल.

माळरान:
पट्टीला माझा ठाम विरोध. मालदीव रिसॉर्टमधल्या पर्यटकांकडून २०१५ पासून हरित कर घेतंय, त्यांना ते परवडतं. आमच्याकडं पर्यटक येत नाहीत, पूर येतो, आणि त्यातलं अर्धं प्लास्टिक वरच्या गावांचं असतं. ज्या कंपन्या पुड्या विकतात त्यांच्यावर कायद्यानं जबाबदारी आहे. त्यांच्याकडून घ्या, मजुराच्या घरातून नको.

सदलग्याची ताई:
दादा, त्या जबाबदारीचा पैसा पंचायतीत येत नाही. कंपन्या नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेतात, तिथंच व्यवहार संपतो. आपलं प्लास्टिक स्वच्छ, वेगळं आणि ट्रकभर असेल तरच कुणी घ्यायला येईल. म्हणून शेड हवंच.

खरी अडचण रोजच्या खर्चाची आहे. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये धरले होते. तीन हजारांच्या गावाला १ लाख ८० हजार, तेही एकदाच! एवढ्यात खड्डे आणि डबे होतील. गाडीचं डिझेल, चालवणाऱ्या बाईचं मानधन कुठून? आमच्या बचत गटाच्या बायका गाडीवर आहेत, मानधन महिनोन्महिने थकतं. पुरानंतर सगळ्यात घाण काम त्यांनीच केलं, हातमोजेसुद्धा नव्हते. पट्टी नको म्हणणाऱ्यांनी या बायकांच्या पगाराचं आधी सांगावं.

माळरान:
ताई, मानधन थकणं चूकच. पण त्यासाठी वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा पैसा, आहे, १५ व्या आयोगात स्वच्छतेचा वाटा वेगळा ठरलेला होता. तो आधी त्यांच्या मानधनाला लावा. आणि पट्टी दूधबिलातून कापायची कुजबुज चाललीय ती बंद करा. ज्याच्याकडं म्हैस आहे तो भरेल, आणि दुकानदार सुटेल. कचरा तर दुकानाचाच जास्त.

कृष्णाकाठ:
हे मान्य. दुकान, हॉटेल, मंगल कार्यालयाला जास्त पट्टी, भूमिहीनांना माफी. दूधगंगांच्या मुद्द्यावर सांगतो: बाटलीचं राहू दे, ठेव फक्त बॅटरीवर ठेवू. ती महाग वस्तू, कुणी फेकत नाही, विकणारेही मोजके.

जागेचं मात्र टाळता येणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभर वर्षांत जिथं पूर आल्याची नोंद आहे तिथं कचराभूमीला मनाई केली. म्हणजे आमच्या शिवारात जवळपास कुठंच नाही.

वरचं गाव:
म्हणजे आमच्या माळावर. तुम्ही पाच पंचायती बोलताय, आम्हाला कुणी विचारलं? बेळगाव शहराचा कचरा तुरमुरी गावाला जातो. शहराची घाण खेड्याच्या माथी, तसं आता खेड्याची दुसऱ्या खेड्याच्या माथी करू नका.

शेडला नाही म्हणत नाही. पण आधी लिहून द्या: ओलं आणि लंगोट (डायपर) येणार नाहीत, मे संपायच्या आत शेड रिकामं, विक्रीतला वाटा आमच्या पंचायतीला, आणि नोंदवही आमच्या माणसाकडं. विषय आधी आमच्या ग्रामसभेत, पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकाऱ्यांसमोर). नंतर तुमच्या.

सदलग्याची ताई:
अटी रास्त आहेत. पण पुरानंतरच्या गाद्या, रग, सडलेलं धान्य त्या यादीत कुठं बसतं? ते सुकं नाही, परड्यात जिरत नाही, आणि वरचं गाव घेणार नाही. त्याची जागा आणि पैसा ठरल्याशिवाय मी गटातल्या बायकांना पुढच्या पुराला चिखलात उतरा म्हणून सांगणार नाही.