नकाशासाठी एसव्हीजीच बरं

वेबपानावर चित्र काढायचे हे दोन मार्ग: एसव्हीजीत चित्र वेगवेगळ्या आकारांच्या घटकांतून बनतं, तर कॅनव्हास म्हणजे कोडने पिक्सेल रंगवायची पाटी. ‘कॅनव्हास वेगवान आहे, सगळं त्यातच करा’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. चर्चगेट ते विरार लोकलचा नकाशा मी दोन्हींत करून पाहिलाय. एसव्हीजीत दादरचा ठिपका स्वतंत्र घटक असतो. त्याला थेट क्लिक जोडता येतं, स्क्रीन रीडरसाठी (अंधांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नाव देता येतं, मोबाइलवर कितीही झूम केलं तरी अक्षरं फाटत नाहीत. कॅनव्हासमध्ये नुसते पिक्सेल. बोट दादरवर पडलं की माटुंगा रोडवर, हा हिशेब आपणच मांडायचा! हां, हजारो ठिपके एकदम हलवायचे असतील तर एसव्हीजी अडखळतं, तिथे कॅनव्हासच घ्या. वेबवर ॲनिमेशन नि खेळ दाखवणाऱ्या जुन्या फ्लॅशचा विषय ३१ डिसेंबर २०२० लाच संपला. फ्लॅशमधलं जुनं काही उघडायचंच असेल तर रफल हा फ्लॅशच्या फायली चालवणारा प्रोग्राम वापरून बघा.