जड बैठकांनंतर गोळा लांब का जातो?

प्रश्न (दारव्हा तालुका)
मी पोलीस भरतीची तयारी करत आहे. खांद्यावर जड बार घेऊन बैठका मारल्यावर लगेच १०० मीटर धावलो, तर पाय उचलत नाहीत. परवा मात्र बारच्या चकत्या काढून जागेवर ठेवण्यात आणि पाणी पिण्यात वेळ गेला, आणि त्यानंतर फेकलेला ७.२६० किलोचा गोळा रोजच्या चुन्याच्या रेषेपुढे हातभर पडला. हा योगायोग समजावा का? सध्या सोयाबीनचे कट्टेही उचलावे लागतात. त्यांचाही असाच उपयोग होईल का?

उत्तर १
योगायोग नाही, भाऊ. जड वजन उचलल्यावर स्नायू थकतो आणि त्याच वेळी चेततोही. थकवा आधी ओसरला आणि चेतना उरली, तर तेवढ्या काळात जोर वाढलेला दिसतो. मायोसिन या प्रथिनाला फॉस्फेट जोडला गेल्याने तेवढ्याच कॅल्शियमवर तंतू अधिक जोराने आकुंचन पावतात, परंतु हा बदल काही मिनिटांतच विरतो. म्हणून सात-आठ मिनिटांनंतर दिसणाऱ्या फायद्यामागे स्नायूंची वाढलेली उष्णता आणि त्यांत ओढले गेलेले पाणी हीदेखील कारणे मानली जातात. आपण चकत्या आवरल्या, तीच विश्रांती कामी आली.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक सांगणे आवश्यक वाटते. हा फायदा लहान असतो आणि ज्याने वर्षानुवर्षे बैठका मारल्या आहेत त्याला अधिक मिळतो. नवख्याच्या वाट्याला बहुधा थकवाच येतो. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या ८५ ते ९० टक्के भार घेऊन तीनच बैठका माराव्यात, पाच ते आठ मिनिटे थांबावे आणि मग फेकावे. आपला नेमका वेळ कोणता, हे वहीत अंतरे लिहूनच कळेल.

कट्ट्यांचे म्हणाल, तर तासभर कट्टे वाहणे म्हणजे निव्वळ थकवा. त्या दिवशी वेगाचा सराव ठेवूच नये. कमरेवर आलेला ताण घेऊन धावताना मांडीची मागची शीर धरली, तर भरतीचे वर्ष हातचे जाते.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. भरतीच्या मैदानावर बार नसतो आणि नंबर कधी लागेल हेही ठाऊक नसते. तेव्हा काय करावे?

उत्तर २
रांगेत अंग गार पडू देऊ नका. स्वेटर अंगावरच ठेवा, आणि पुढे पाच-सहा जण उरले की चार-पाच उंच उड्या पूर्ण जोराने मारा.