पोर्श ९११च्या इंजिनखालचा ट्रे (खालून झाकणारं कव्हर) काढावा का?

करवीरकर:
९११ कॅरेरा, ९९६ मॉडेल. गगनबावड्याचा घाट चढताना आणि दसरा चौकातल्या गर्दीत तापमानाचा काटा वर सरकतो. मागचा ट्रे काढला तर इंजिन थंड राहील का?

उद्यमनगर:
काढू नका. इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढच्या बंपरमध्ये आहेत. ऑइल कूलरसुद्धा कूलंटवरच (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावरच) चालतो. त्यामुळे ट्रे काढून फार तर इंजिनभोवतीची गरम हवा निघेल, कूलंट थंड होणार नाही.
बंपर उतरवा. एसीचा कंडेन्सर (गॅस थंड करणारी जाळी) रेडिएटरपुढे असतो आणि त्या दोघांमधल्या फटीत पानं, उसाचं पाचट दाबून बसतं. कंडेन्सरचे स्क्रू काढून तो अलगद पुढे घ्या, गॅसच्या नळ्या मात्र सोडू नका. कचरा व्हॅक्यूमने ओढा, मग कमी दाबाचं पाणी मारा. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

घाटवाट:
एसी लावा, दोन्ही पंखे मंद फिरायला हवेत. फिरत नसतील तर बहुधा पंख्यांना मंद वेग देणारा रेझिस्टर जळालाय. तो या गाड्यांत हमखास जातो, आणि मग पंखे फक्त जोरात लागतात, तेही उशिरा. डॅशच्या काट्यावर विसंबू नका, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून तापमानाचा आकडा बघा. गर्दीत १०० अंशांच्या आसपास जाऊन पंखे लागताच उतरत असेल तर काळजी नको.

करवीरकर:
७१ अंशांना, म्हणजे लवकर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट बसवू का?

उद्यमनगर:
आधी साफसफाई. रेडिएटर तुंबलेला असेल तर थर्मोस्टॅट लवकर उघडूनही उपयोग नाही. बदललाच तर आतली हवा व्हॅक्यूमने ओढून कूलंट भरा, आत हवा राहिली की काटा पुन्हा चढेल. ट्रे उतरवलाच आहे तर तेलाची गळती बघा आणि परत बसवा. पावसाळ्यात चिखल थेट बेल्टवर उडतो.