पागोळ्या, किसणी, नेचे आणि कामट्या: हौशी चित्रकारांचा अनुभव धागा

रोज डोळ्यांसमोर असलेल्या एखाद्या गोष्टीवरून चित्र, छाप किंवा वस्तू कशी घडवता, ते इथे लिहा. साहित्य, मापं, क्रम आणि बिघडतं कुठे, हे नक्की येऊ द्या. "सुचलं आणि केलं" एवढ्याने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. विषय तोच, पण प्रकाश, पाणी आणि हाताळणी वेगळी. चर्चेचा रोख तसाच ठेवूया: जवळचा विषय आणि त्याला साजेसं माध्यम.

जलरंग, रत्नागिरी

पावसाळ्यात ओला रस्ता आणि जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) यांच्याइतका चांगला विषय आमच्याकडे दुसरा नाही. त्यासाठी चारच रंग पुरतात: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, लेमन यलो आणि पर्मनंट रोझ. क्रिमझन लेक टाळा. तो उजेडात उडतो आणि भिंतीवर लावलेलं चित्र काही वर्षांत निस्तेज दिसू लागतं. ओल्या जांभ्यासाठी बर्न्ट सिएनात थोडा रोझ आणि सावलीच्या बाजूला अल्ट्रामरीन. शेवाळासाठी लेमन यलो आणि अल्ट्रामरीन, वर सिएनाचा एक थेंब. तो नसला की हिरवा प्लास्टिकसारखा दिसतो. आभाळाचा आणि रस्त्याचा करडा सिएना आणि अल्ट्रामरीन यांतूनच करायचा. ट्यूबमधला काळा वापरला की ओल दिसतच नाही, रस्ता डांबराचा कोरडा पट्टा होतो.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), शक्यतो पूर्ण सुती. भरपूर पाणी वापरणार असाल तर तोही फुगतो, म्हणून ४-५ मिनिटं पाण्यात बुडवून प्लायवर पसरा, कडांना पाण्याने चिकटणारी कागदी पट्टी लावा आणि आडवा ठेवून वाळू द्या. उभा ठेवला तर खालची कड उशिरा वाळते आणि पट्टी तिथेच सुटते.

ओल्या रस्त्यातलं प्रतिबिंब ही खरी गंमत आहे, आणि तिथे सगळा खेळ वेळेचा. कागद चकाकतोय तोवर रंग सोडला की तो पसरतो: प्रतिबिंबाचे उभे फटकारे याच वेळी, वरून खाली. चकाकी गेली पण हात लावला तर गार लागतं, या अवस्थेत रंग दाटच हवा. इथे पातळ रंगाचा किंवा पाण्याचा थेंब पडला तर ते पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागाकडे सरकतं, रंगाचे कण पुढे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उमटते. झालंच तर पुसत बसू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने कड मऊ करा. शेवटी अर्ध्या इंची चपटा ब्रश धुऊन, पिळून, एक-दोन आडव्या रेघांनी रंग उचला. त्या रेघांनी पाणी सपाट बसतं.

एक नियम डोळ्यांनीच पडताळता येतो: गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित फिकं असतं आणि उजळ वस्तूचं किंचित गडद. पांढऱ्या भिंतीचं प्रतिबिंब पांढरंच ठेवलं की रस्त्याला भोक पडल्यासारखं वाटतं.

वरच्याला जोडून, अलिबाग

जुलै-ऑगस्टमध्ये थर वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, तेव्हा घाई नको. हेअर ड्रायर फूटभर लांब धरा आणि कागदाची चकाकी गेल्यावरच सुरू करा, नाहीतर हवा रंग ढकलते. मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा राखायला लावायचं रबरी द्रावण) कोरड्या कागदावरच लावायचं आणि शक्यतो त्याच दिवशी काढायचं. जास्त काळ राहिलं तर काढताना कागदाचा पापुद्रा घेऊन येतं. पॅलेट ओलं असताना झाकण बंद केलं की बुरशी ठरलेली. कोरे कागद हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दमट हवेत कागदावरचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा लेप) जागोजागी खराब होतं. कोरा कागद पाहून ते कळत नाही. रंग लावला की ठिपके-ठिपके शोषले जातात. असा कागद जलरंगाला गेलाच म्हणायचा, पेन्सिलीच्या कामाला ठेवा.

लिनोकट, ठाणे

लिनोकट म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून, शाई लावून घेतलेला छाप, आणि त्यासाठी स्वयंपाकघर म्हणजे खाण आहे. किसणी, झारा, सोऱ्याच्या ताटल्या, पोळपाटावर पडलेली पिठाची भुकटी. या सगळ्यांत काळं आणि पांढरं आधीच वेगळं झालेलं असतं आणि लिनोला तेच लागतं. छटा नाहीत, फक्त आहे किंवा नाही. चित्तप्रसाद (१९१५–१९७८) मुंबईत अंधेरीला राहून लिनोकट करायचे. कष्टकरी माणसं आणि मुलं त्यांनी ठसठशीत काळ्या-पांढऱ्यात कशी उभी केली, ते हत्यार हातात घेण्याआधी पाहून घ्या.

३ मिमीच्या आसपास जाडीचा लिनो, सुरुवातीला १०×१५ सेंमी. चित्र ट्रेसिंग कागदावर ६बी पेन्सिलने काढा, कागद उलटा करून लिनोवर ठेवा आणि मागून नखाने घासा. लिनोवर उलटं उतरतं, छाप सुलट येतो. अक्षरं असतील तर हे विसरून चालत नाही. 'क' उलटा झाला की लगेच डोळ्यांत खुपतो.

थंडीत लिनो कडक होऊन तुकडे उडतात. दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा कोमट इस्त्रीवर कापड घालून त्यावर. व्ही आकाराच्या टोकाच्या हत्याराने आधी सगळ्या कडा, मग यू आकाराच्या हत्याराने मोकळी जागा. हत्यार साधारण ३० अंशांत धरा. जास्त उभं धरलं तर ते आत शिरतं आणि लिनो कोरला न जाता फाटतो. खोली १ ते १.५ मिमी पुरे, खालच्या तागाच्या कापडापर्यंत जायचं कारण नाही. रेघेच्या दोन्ही भिंती पायथ्याशी रुंद राहतील अशा तिरक्या ठेवा. आतून पोखरल्या तर दाबाखाली बारीक रेघ मोडते, आणि ती पुन्हा चिकटत नाही. दुसरा हात कायम हत्याराच्या मागे. वळणावर हत्यार फिरवू नका, लिनो फिरवा.

शाई: काचेवर रुपयाच्या नाण्याएवढी घ्या आणि रोलर उभा-आडवा फिरवा. आवाज ऐका. चिकट 'चपचप' येत असेल तर शाई जास्त, बारीक एकसारखी 'चरचर' आली की बरोबर. जास्त शाईने किसणीची भोकं बुजतात. कमी शाईने काळ्यात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. एप्रिल-मे महिन्यांत पाण्यात धुता येणारी शाई काचेवरच सुकते, तेव्हा ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब मिसळा. तेलाची शाई बारीक कामाला सरस, पण वाळायला तीन ते पाच दिवस आणि पावसात त्याहून जास्त. ती आधी खाण्याच्या तेलाने पुसा, मग साबण. टर्पेंटाइनचा वास घरात नको.

प्रेस नको. ८० ते १२० जीएसएमचा गुळगुळीत बाजूचा हातकागद, आणि मागून स्टीलच्या चमच्याची पाठ लहान गोलात, मधून कडेकडे. एक कोपरा दाबून दुसरा उचलून पाहा. फिकं दिसलं तर पुन्हा टेकवून घासा. छाप दुहेरी येत असेल तर दोष दाबाचा नसतो, कागद सरकलेला असतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात टेबलावर चिकटवा आणि लिनो व कागद दोन्ही त्याच कोपऱ्याला टेकवा.

प्रश्न, नागपूर: एकाच लिनोवर दोन-तीन रंग कसे?

उत्तर, ठाणे: उजळ रंग आधी, गडद शेवटी. पहिला रंग छापला की त्या रंगाचा जो भाग राहायला हवा तो कोरून टाका, मग दुसरा रंग. लिनो दर पायरीला संपत जातो, मागे येता येत नाही. म्हणून दहा प्रती हव्या असतील तर पहिल्या रंगाच्या तेरा-चौदा काढा. काही प्रती जुळणीत जाणारच.

गेरू आणि तांदळाचं पीठ, डहाणू परिसर

वारली पद्धतीचं काम अनेकांना करायचं असतं, म्हणून आधी एक गोष्ट. पालघट देवीचा चौक हे लग्नविधीचं चित्र आहे, सवाशिणी ते लिहितात. चहाच्या ट्रेवर किंवा पिशवीवर तो उतरवू नये, असं मला मनापासून वाटतं. या चित्रांना भौगोलिक मानांकन आहे; बाहेरच्याने काढलेलं चित्र 'वारली चित्र' म्हणून विकणंही बरोबर नाही. शिकायची ती बांधणी: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, आणि हालचाल सगळी त्या कमरेच्या बिंदूतून. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांची चित्रं पाहताना माणसाचा वरचा त्रिकोण किती कलला आहे तेवढंच टिपत जा. लावणी, कांडण, नाच, सगळं त्या कलण्यात आहे. मग तुमच्या गल्लीतला नळावरचा घोळका त्याच बांधणीत काढून बघा.

मांजरपाट गरम पाण्यात साबणाने धुवा. कापडावरची खळ निघाली नाही तर गेरू वर तरंगतो आणि नंतर पापुद्रे सुटतात. १०० ग्रॅम गेरू रात्रभर भिजवा, मलमलमधून गाळा, त्यात पांढरा फेविकॉल दोन मोठे चमचे. ताणलेल्या कापडावर दोन पातळ हात, एक उभा, एक आडवा. वाळल्यावर कोरडं बोट फिरवा. बोट लाल झालं तर फेविकॉल कमी पडला. घडी घालताना तडकत असेल तर जास्त झाला.

पांढऱ्यासाठी तांदूळ चार तास भिजवून गंधासारखा वाटा, गाळा आणि बाभळीच्या डिंकाचं पाणी घाला. बुरशी येऊ नये म्हणून लवंग तेलाचा एक थेंब. ओला असताना हा रंग फिका दिसतो, वाळला की उठून येतो, त्यामुळे लगेच दुसरा हात देऊ नका. गेरूत फेविकॉलऐवजी डिंक घातला असेल तर दुसऱ्या हाताने खालचा गेरू विरघळून पांढरा गुलाबी होतोच. बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला करा. फार तंतू सुटले तर ब्लेडने निम्मे कापा.

शाईचं पेन, सोलापूर

एसटी स्टँड आणि भाजी मंडई, हालणाऱ्या माणसांसाठी यासारखी शाळा नाही. ए६ वही, एकच पेन. आधी खांद्याची आणि कमरेची तिरकी रेघ, मग वजन कोणत्या पायावर आहे ते, शेवटी ओझं: टोपली, पिशवी, मूल. चेहरा सर्वात शेवटी आणि बहुतेक वेळा नकोच. माणूस निघून गेला तर चित्र तिथेच थांबवा आणि शेजारी नवं सुरू करा. भाजीवाले तीच हालचाल पुन्हा करतातच. वरून जलरंग द्यायचा असेल तर रंगद्रव्याची जलरोधक शाई हवी. मात्र ती पेनात आठवडाभर पडून राहिली तर निब कायमचं बसतं. पेन रोज वापरा, नाहीतर धुऊन ठेवा.

सायनोटाइप, पुणे

सायनोटाइप म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटवलेला निळा छाप. पावसाळ्यात दगडी भिंतींच्या फटींत नेचे उगवतात. त्यांची पात्याच्या कडेची नक्षी उन्हाच्या छापात जशी येते तशी हाताने काढणं अवघड. ही पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२मध्ये शोधली आणि ॲना ॲटकिन्स यांनी पुढच्याच वर्षापासून समुद्री शेवाळांच्या छापांसाठी वापरली. म्हणजे वनस्पतींशी तिचं नातं सुरुवातीपासूनचं.

पहिलं द्रावण: हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम, पाणी १०० मिली. दुसरं: पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा, वापरताना समभाग मिसळा. ए४ कागदाला साधारण ३ मिली लागतं. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची नकोत, आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लापासून दूर ठेवा. केसांच्या मुळाशी पत्र्याची पट्टी असलेला ब्रश टाळा, लोखंडाने निळे डाग पडतात. मंद पिवळ्या दिव्यात लावा, अंधारात वाळवा आणि दमट दिवसांत त्याच दिवशी वापरा. लिंबोळी पिवळ्याचा निळसर हिरवा झाला की कागद गेला.

नेचा आधी रात्रभर वर्तमानपत्रात दाबा. ओलं पान काचेखाली घाम सोडतं आणि कडेला डाग पडतो. खाली पुठ्ठा, वर ३ मिमी काच, चार चिमटे. कडक उन्हात दहा मिनिटांच्या आसपास, ढगाळ हवेत अर्धा तास किंवा जास्त. घड्याळापेक्षा रंग पाहा: मोकळा भाग मळकट करडा, थोडा तांबूस दिसायला हवा. निळा दिसला म्हणून लवकर काढला तर धुताना सगळं वाहून जातं. वाहत्या पाण्यात पिवळा पूर्ण जाईपर्यंत धुवा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर निळा फिकट होतो. पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला. पूर्ण गडद निळा दुसऱ्या दिवशी येतो.

आकाशकंदील, डोंबिवली

जुन्या चाळींच्या सिमेंटच्या जाळ्या पाहिल्या तर कंदिलाच्या नक्षीसाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. पण आधी सांगाडा. सहा चौकोनांचा कंदील म्हणजे २० सेंमीच्या २४ कामट्या, ३-४ मिमी रुंद. गाठी असलेल्या कामट्या काढून टाका, कंदील तिथेच वाकतो.

सहा चौकोन बांधा. प्रत्येक बांधताना कर्ण मोजा: दोन्ही २८.३ सेंमी यायला हवेत. एक चौकोन जरी कलला तरी शेवटचा सांधा जुळत नाही. आता एक चौकोन वर, एक खाली आणि चार कोपऱ्यावर उभे. वरच्या चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याला एका उभ्या चौकोनाचं वरचं टोक, शेजारच्या दोघांची बाजूची टोकं एकमेकांना, खालची टोकं खालच्या चौकोनाला. बारा सांधे. मधले आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांना वेगळी काडी नको. कंदील २८ सेंमी उंच आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४० सेंमी होतो.

खळ: दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप थंड पाण्यात गुठळी मोडून, मग दीड कप उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळा. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा आणि मुलांना त्या खळीत हात घालू देऊ नका.

पतंगी कागद चारही बाजूंनी ७-८ मिमी जास्त कापा. जाळीची नक्षी घडी घालून आधीच कापा, चिकटवल्यावर नाही. भर दुपारी ताणून चिकटवलेला कागद रात्रीच्या दवाने सैल पडतो. संध्याकाळी चिकटवला तर दिवसा नीट ताणलेला राहतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच. वरच्याला आडवी जाड काडी बांधून होल्डर तिलाच टांगा, कंदिलाचं वजन मात्र वायरवर नाही, सुतळीवर. बल्ब एलईडीच, ७ ते ९ वॅट. झिरमिळ्या खालच्या चौकोनाला बारीक दोऱ्याने बांधा, कागदाला चिकटवू नका. वाऱ्याने कागद तिथूनच फाटतो.