दसरा ते दिवाळी, लहान मुलांना कुठे न्यावे? (आमच्या सोसायटीच्या गटावरील चर्चा)

शुक्रवार, दसऱ्याचा दुसरा दिवस

बी-३०४, रात्री ९.१०
सर्वांना नमस्कार. पावसाने उघडीप दिली आहे, सकाळी खिडकीतून सिंहगड स्वच्छ दिसू लागला आहे आणि रविवारी आम्हा दोघांनाही सुटी आहे. आमच्या ह्यांचे मत असे की फुलांचा हंगाम संपत आला असल्याने लगेच कासला जाऊन यावे. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, तो दुपारी एक वाजता जिथे असेल तिथे झोपतो, आणि गाडीत तासाभराच्या वर बसला की चपला काढून पुढच्या आसनावर फेकू लागतो. अर्ध्या दिवसात होईल, त्यालाही आवडेल आणि आम्हीही सोमवारी कामावर जिवंत पोहोचू, अशी एखादी जागा कोणी सुचवू शकेल का?

सी-५०१, रात्री ९.३२
ताई, मागच्या वर्षी आमची मुलगी बरोबर याच वयाची असताना आम्ही कासला गेलो होतो, म्हणून अनुभवाचे सांगतो. इथून कास साधारण १४० किलोमीटर आहे आणि तेवढेच परत यायचे असते. पहाटे साडेपाचला निघालो. खंबाटकीच्या घाटात तिला पहिली उलटी झाली आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना दुसरी. ऑनलाइन आरक्षण केलेले होते, पण वाहनतळापासून पठारापर्यंतच्या गर्दीत तिला कडेवर घेऊनच चालावे लागले. पठारावर फुले होती, तक्रारीला जागा नव्हती. तेरड्याचा गुलाबी पट्टा आणि त्यापलीकडे सोनकीचा पिवळा, असे दृश्य मी जन्मात पाहिले नव्हते. मुलीने मात्र त्या दृश्याकडे एकदा पाहिले, वाटेवरच्या खड्ड्यात साठलेले पाणी पाहिले, आणि पुढचा पाऊण तास जांभ्याचे खडे त्या पाण्यात टाकण्यात घालवला. आजही तिला कास म्हटले की ‘दगड बुडवायची जागा’ एवढेच आठवते. दगड बुडवायला खडकवासल्याचा काठ आपल्याला दहा-बारा किलोमीटरवर आहे.

ए-१०१, रात्री ९.५०
सी-५०१च्या दादांनी लिहिलेले वाचून हसू आले, पण मुलीची बाजू घ्यावीशी वाटते. कासची फुले मुळात लहान असतात. सीतेची आसवे हे निळेजांभळे फूल नखाएवढेही नसते, आणि त्या झाडाचे खरे कौतुक जमिनीखाली असते, कारण तिथल्या ओलसर, निकस मातीत ते बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडून आपले पोट भरते. हे मोठ्यांना कळते आणि मोठ्यांनीच पाहावे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला तेव्हा कासही त्यात गेले, आणि तेव्हापासून तिथे फुलांपेक्षा माणसेच अधिक दिसतात, असे माझे वैयक्तिक मत आहे. मूल दहा वर्षांचे झाले की जरूर न्यावे.

तोपर्यंत एक सुचवते. आपल्या मागच्या हिरवळीवर गेल्या आठवड्यापासून परीट पक्षी आले आहेत. करडी पाठ, पिवळसर पोट आणि सारखी वरखाली होणारी शेपटी, एवढी खूण पुरे. हे पाहुणे दूर उत्तरेकडून थंडीपुरते येतात. सकाळी सात वाजता बाळाला घेऊन बाकावर बसावे आणि शेपटी किती वेळा हलली ते मोजावे. त्याला वीसपर्यंत आकडे येत नसतील तर येऊ लागतील.

दुसरे, आमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत अळ्या आहेत. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून कोणी लक्ष देत नाही. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, मग कोष, आणि मग फुलपाखरू. मुलांनी रोज एकदा येऊन पाहावे, दार उघडे असते. शनिवारी सोसायटीत औषधफवारणी आहे. तेवढी माझी कुंडी वगळावी, अशी सचिवांना नम्र विनंती.

सचिव, रात्री १०.०५
कुंडी वगळली जाईल. फवारणी करणाऱ्यांना तसे लेखी कळवले आहे. काकू, कुंडीवर एक चिठ्ठी लावून ठेवावी, म्हणजे गोंधळ होणार नाही. या निमित्ताने आठवले म्हणून लिहितो, आपल्या राज्याने २०१५ साली नीलवंताला, म्हणजे ब्लू मॉरमॉनला, राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. प्रवेशद्वाराजवळच्या लिंबाची पाने कुरतडल्याची तक्रार गेल्या महिन्यात दोन सदनिकाधारकांनी केली होती. त्यांनी हा संदेश वाचावा.

शनिवार

डी-२०२, सकाळी ७.४०
बी-३०४, तुम्ही सासवडला जा. आम्ही दरवर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी जातो. सकाळी सातला निघून बोपदेव घाटाने गेले की तासाभरात सासवड येते, कऱ्हेच्या काठावर थोडे बसता येते, सोपानकाकांच्या समाधीचे दर्शन होते आणि येताना रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या मांडलेल्या असतात. पुरंदरचे सीताफळ आता अगदी भरात आहे. (अंजिराची विचारणा करू नका, त्याला अजून अवकाश आहे, आणि हुरडा तर थेट थंडीत. मागच्या वर्षी आमच्या नणंदबाईंनी ऑक्टोबरात हुरडा मागून शेतकऱ्याची करमणूक केली होती.) फळावरचे डोळे उघडून त्यांच्या मधल्या रेषा पांढरट-पिवळ्या झाल्या की ते एक-दोन दिवसांत पिकते. असे वेगवेगळ्या अवस्थेतले सहा घ्यावेत आणि रोज कोणते मऊ झाले हे पाहण्याचे काम मुलाकडे द्यावे. आमच्याकडे ती जबाबदारी धाकट्याकडे आहे आणि तो ती कुणाला देत नाही.

मात्र एक काळजी घ्या. साडेतीन वर्षांच्या मुलाला सीताफळ अख्खे हातात देऊ नये, कारण बी घशात अडकू शकते. गर चाळणीवर घोटून बिया वेगळ्या कराव्यात आणि त्या लगेच फेकून द्याव्यात. बी फुटून तिचा अंश डोळ्यात गेला तर मोठी इजा होते.

बी-१०३, सकाळी ८.०५
सासवडला आम्हीही येऊ इच्छितो, परंतु आमच्याकडे फक्त स्कूटर आहे आणि मुलगी तीन वर्षांची आहे. घाट असल्यामुळे मन धजावत नाही.

सी-५०१, सकाळी ८.२०
धजावत नाही तेच बरे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचे तर त्याला मापाचे हेल्मेट हवे, चालकाशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम २०२३च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. सोसायटीच्या फाटकापासून शाळेपर्यंत तो पाळणारे आपल्यात किती आहेत, हे मी विचारत नाही, कारण मी स्वतः पट्टा गेल्या महिन्यात आणला. आमच्या गाडीत मागे दोन जागा रिकाम्या असतात. आपण एकत्र जाऊ. चारचाकीतही चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे खास आसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, तेव्हा तुमच्या मुलीसाठी आमच्या लेकीचे जुने आसन काढून ठेवतो.

ए-४०२, सकाळी ९.१५
माझे गाव भोर तालुक्यात आहे, हे गटात बहुतेकांना ठाऊक आहे. या रविवारी नव्हे, पण दिवाळीच्या सुमारास मुलांना घेऊन आमच्याकडे या. आत्ता भात लोंबीवर आहे, अजून हिरवे-पिवळे आहे. कापणी दोन-तीन आठवड्यांत सुरू होईल. शहरातल्या मुलांनी शेत पाहायला यायचे तर तेव्हाच यावे, कारण तेव्हा तिथे काहीतरी घडत असते. बाया विळ्याने कापून पेंढ्या आडव्या टाकतात, दोन-तीन उन्हे खाल्ली की भारे बांधून खळ्यावर नेतात, आणि मग झोडणी. लाकडी फळीवर पेंढी आपटली की दाणे उडतात आणि त्या आवाजाने मुले पहिल्यांदा दचकतात, मग त्यांना तेच हवे असते. माझ्या नातवाने मागच्या साली एक पेंढी इतक्या वेळा आपटली की तिच्यात दाणा उरला नव्हता, तरी तो थांबेना. पेंढ्याच्या ढिगावर लोळून अंगाला खाज सुटते, त्याला इलाज नाही. लांब बाह्यांचे जुने कपडे घालावेत. बांधावरून चालताना मुलाचा हात सोडू नये आणि भाऱ्यात उघड्या हाताने काही शोधू देऊ नये, कारण उंदरांच्या मागे साप येतो. दुपारी नव्या तांदळाचा भात आणि पातळ पिठले एवढेच मिळेल.

बी-३०४, सकाळी ९.४०
काका, आम्ही नक्की येऊ. पिठले आमच्या घरी सर्वांत अधिक मागणीचा पदार्थ आहे.

सचिव, सकाळी ११.००
सोमवारी कोजागरी आहे. नेहमीप्रमाणे गच्चीवर दूध रात्री साडेअकराला होईल. प्रत्येक सदनिकेने शंभर रुपये शनिवारपर्यंत द्यावेत.

बी-३०४, सकाळी ११.१२
साडेअकराला आमच्या घरातले कोणीही शुद्धीवर नसते. लहान मुलांसाठी काही वेगळी वेळ ठरवता येईल का?

ए-४०२, सकाळी ११.३०
कोजागरी म्हणजे जागणे. को जागर्ति असे विचारत लक्ष्मी मध्यरात्री फिरते, संध्याकाळी सातला नव्हे.

ए-१०१, सकाळी ११.४५
भाऊ, लक्ष्मीचे मान्य, पण चंद्राचेही पाहा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या आसपासच उगवतो. म्हणजे सात-साडेसातला तो आपल्या पूर्वेकडच्या टाकीवरून थोडा वर आलेला, मोठा आणि पिवळसर दिसतो, आणि मुलाला बोटाने दाखवण्याजोगा असतो. मध्यरात्री तो थेट डोक्यावर असतो आणि मान वर करून मुले पाठीवर पडतात. साडेसातला एक छोटे पातेले मुलांसाठी व्हावे, त्यात बदाम-पिस्त्याचे काप न घालता पूड करून घालावी, साखर बेताची असावी. साडेअकराचे मोठे पातेले जसे आहे तसे राहू द्यावे. छोट्या पातेल्याचे दूध मी आटवते.

सचिव, दुपारी १२.०५
मान्य. दोन पातेली. वर्गणी तीच.

ए-४०२, दुपारी १२.२०
मीही साडेसातला येईन आणि साडेअकरालाही.

रविवार

बी-३०४, सायंकाळी ६.३०
आम्ही सासवडहून दुपारी साडेबाराला परत आलो आणि चिरंजीव एक वाजता स्वतःच्या पलंगावर झोपले, हे आधी सांगते, कारण माझ्या दृष्टीने सहल यशस्वी झाल्याची बातमी हीच आहे. घाटात दोनदा थांबलो, उलटी झाली नाही. सी-५०१ दादांनी सांगितल्याप्रमाणे निघण्यापूर्वी दुधाऐवजी कोरडी पोळी दिली होती, त्याचा उपयोग झाला असावा. कऱ्हेच्या काठावर त्याने आणि बी-१०३च्या मुलीने मिळून अर्धा तास एका बकरीच्या मागे चालण्यात घालवला. बकरीच्या मालकिणीने शेवटी दोघांना पिशवीतल्या शेंगा दिल्या. आम्ही मोठ्यांनी छायाचित्रे काढायची राहून गेली. सीताफळे सहाच घ्यायची ठरवली होती, अख्खी पाटी आणली. त्यातली तीन तळाशी दबून फुटलेली निघाली, त्यामुळे ए-१०१च्या आजींकडे गर पाठवते, त्यांनी रबडी करावी अशी आशा आहे.

येताना ऊन मात्र फार लागले. दहानंतर ऑक्टोबरची उष्मा पावसाळ्यापेक्षा जास्त त्रास देते. पुढच्या वेळी साडेसहालाच निघू आणि मुलांच्या टोप्या विसरणार नाही.

ए-१०१, सायंकाळी ६.५२
गर पोहोचला. ‘उष्मा’ पुल्लिंगी आहे, बाळ. उष्मा त्रास देतो. दोन अळ्यांनी आज कोष केले आहेत. एक देठाखाली, एक कुंडीच्या कडेला. मुलांना उद्या पाठव.

बी-१०३, सायंकाळी ७.१०
आमची मुलगी आल्यापासून विचारते आहे की किल्ला कधी करायचा. मागच्या वर्षीची जागा, म्हणजे डी इमारतीच्या वाहनतळाचा कोपरा, यंदा मिळेल का?

सचिव, सायंकाळी ७.२५
जागा मिळेल. परंतु मागच्या वर्षी माती दिवाळीनंतर महिनाभर तिथेच राहिली आणि पावसाळी नाल्याची जाळी बुजली, म्हणून यंदा खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे आणि तुळशीच्या लग्नापर्यंत सर्व उचलावे. पोती, विटा आणि जुन्या कुंड्यांमधली माती माझ्याकडे आहे. लहान मुलांना चिखल कालवू द्यावा. बुरूज आठवी-नववीतल्या मुलांनी रचावेत.

सी-५०१, सायंकाळी ७.४०
गेल्या वर्षी बुरूज नववीतल्यांनी रचला आणि माझ्या लेकीने त्यावर बसून पाहिला. यंदा लहानांसाठी शेजारी एक स्वतंत्र टेकडी करावी, जी पाडली तरी चालेल.

डी-२०२, सायंकाळी ७.५५
टेकडीवर हळीव पेरा. रोज पाणी शिंपडले की चार दिवसांत हिरवी लव दिसू लागते, तेवढा धीर तीन वर्षांच्या मुलालाही असतो. मोहरीही चालते. तट उभा राहिल्यावर, वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरले की दिवाळीत नेमके हिरवे राहते. पेरल्यावर पहिले दोन दिवस वर ओले फडके झाकावे, नाहीतर चिमण्या फराळ आधीच उरकतात.

बी-३०४, रात्री ८.१५
आमच्याकडे हळीव संपला आहे. कोणाकडे वाटीभर शिल्लक असेल तर उद्या साडेसातला गच्चीवर येताना आणावा. मी पातेल्याजवळ रिकामी बरणी ठेवते.