आईला पलंगावरून उठवताना वॉकर सटकतो, काय करू?

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, उठताना ती वॉकरच ओढते आणि तो तिच्याच अंगावर येतो, मी काखेत हात घालून उचलते तर तिचा खांदा दुखतो.

— ताई, काखेतून अजिबात उचलू नका! आधी कडेला सरकू दे, ऑपरेशनचा पाय जरा पुढे, चांगला मागे, हात गादीवर रेटून उठू दे आणि नीट उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला थांबा, हात आईच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर.

— वॉकरची उंची बघा. उभं राहून हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाशी यायला हवी. आमच्या बाबांचा एक भोक खाली होता, महिनाभर वाकून चालले बिचारे. खालचे रबरी बूचही झिजतात हं.

— चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला.