ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता ३५ टक्क्यांनी वाढला, कमी कसा करायचा?

हिंगणा_फॅब: हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा कारखाना, माणसं २२. चौदा जणांचा पगार १६ हजारांच्या आसपास, आठ जणांचा २५ ते ४५ हजार. सगळ्यांना मिळून एकच ग्रुप मेडिक्लेम, ३ लाखांचं कव्हर, आईवडिलांसकट. रिन्युअलला हप्ता ३५ टक्के वाढून आला. कव्हर १ लाखावर आणू, की खोलीभाड्याला मर्यादा घालू? ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) घेतलेलं नाही, मेडिक्लेम असला की लागत नाही असं एजंट म्हणतो.

पगारपत्रक_नागपूर: भाऊ, हप्त्याचं मग पाहू, आधी तुमचं शेवटचं वाक्य. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला ईएसआयसी सक्तीचं आहे, खासगी पॉलिसीने ते टळत नाही. तपासणीत सापडलात तर मागची वर्गणी, तिच्यावर १२ टक्के व्याज आणि वर दंड. कामगाराचा न कापलेला हिस्साही तुमच्याच खिशातून जातो, तो नंतर त्याच्या पगारातून वळता करता येत नाही.

२१ हजारांपर्यंत वेतन असलेले सगळे त्यात येतात. मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५. १६ हजारांवर तुमचे महिन्याला ५२० रुपये, म्हणजे चौदा जणांचे वर्षाला ८७,३६०. त्यात बायको-मुलं आली, महिन्याला ९ हजारांपेक्षा कमी उत्पन्न असलेले अवलंबून आईवडीलही आले. आजारपणाच्या रजेत ७० टक्के वेतन मिळतं, ते मेडिक्लेम देत नाही. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाबद्दल लोक कुरकुर करतात, तरी दोन्हीकडे पैसे भरण्यात अर्थ नाही. ग्रुप पॉलिसी त्या आठ जणांपुरती ठेवा.

ईएसआयसी वर्गणीचं चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. एखाद्याचा पगार ऑगस्टमध्ये २१ हजारांवर गेला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालूच ठेवायची. इथे खूप जण चुकतात.

क्लेम_डेस्क: खोलीभाड्याची मर्यादा स्वस्त दिसते, पण बिलाच्या वेळी रडवते. समजा कव्हर २ लाख, मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज २,००० रुपये. माणूस धंतोलीतल्या रुग्णालयात ४,००० च्या खोलीत गेला. बिल १ लाख २० हजार, त्यात औषधं आणि तपासण्या ५० हजार. उरलेल्या ७० हजारांत खोली, सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, आणि मर्यादा खोलीभाड्याच्या निम्मी म्हणून ते सगळंच अर्ध्यावर येतं. ३५ हजार त्याच्या अंगावर आणि शिव्या तुम्हाला. औषधं नि तपासण्यांना ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा.

हप्ता खरा फुगतो आईवडिलांमुळे. त्यांचं कव्हर ऐच्छिक करा, हप्ता कर्मचाऱ्याने भरायचा आणि २० टक्के को-पे (बिलाचा तेवढा वाटा स्वतः भरायचा) ठेवायचा. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या. ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. फक्त रुग्णालय योजनेतलं आहे ना, ते भरतीआधी विचारून घ्यायचं.

रिन्युअलच्या दोन महिने आधी कंपनीकडून क्लेमचा तपशील मागवा. हप्ता २ लाख ४० हजार, दिलेले क्लेम दीड लाख आणि 'प्रलंबित' ९० हजार असतील तर क्लेम रेशो (हप्त्याच्या किती टक्के क्लेम झाले) १०० टक्के दिसतो. तो प्रलंबित आकडा बऱ्याचदा केव्हाच निपटलेल्या कॅशलेस क्लेमची नुसती शिल्लक नोंद असते. ती लेखी बंद करून घेतली की रेशो ६२.५ वर येतो, मग दुसऱ्या कंपनीकडे भाव मागायला तोंड राहतं. नोकरी सोडलेल्यांची नावंही त्याच महिन्यात काढा. क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मिळतो.

हिंगणा_फॅब: आणि आठ जणांसाठी ग्रुपच ठेवू, की प्रत्येकाची वेगळी पॉलिसी?

पगारपत्रक_नागपूर: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे, ग्रुपवर १८ टक्के कायम, आणि त्याचं क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) सहसा मिळत नाही. वैयक्तिक पॉलिसी नोकरी सुटली तरी माणसाकडे राहते. पण तिथे जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ग्रुपमध्ये ते बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. आठांत कुणाला शुगर-बीपी असेल तर ग्रुप मोडू नका. हप्ता कसाही भरा, रोख भरू नका, नाहीतर आयकरात खर्च म्हणून धरत नाहीत.